दोष चहाचा नव्हता

मित्रांनो, माझ्या झाकणाजवळ नाक आणू नका. जरा लांब बसा आणि तिथूनच ऐका.

मी एक जुना फवारणी पंप आहे. सोळा लिटरची टाकी, पाठीला अडकवायला दोन पट्टे, डाव्या हाताने वरखाली करायचा दांडा आणि उजव्या हातात धरायची नळी, एवढाच माझा संसार. एके काळी माझा रंग हळदीसारखा पिवळाधमक होता. आता कसा आहे ते विचारू नका. मोर्शीच्या अलीकडे एका गावात, देवीदासजींच्या गोठ्यात, मी खुंटीला लटकलेला असतो. तिथून घर, अंगण आणि मागची वाडी, सगळं दिसतं आणि ऐकू येतं. तुम्ही म्हणाल, पंपाची कसली आलीय कहाणी! पाणी भरलं, दांडा मारला, झालं. मलाही सांगायची हौस नव्हती. पण या घरातल्या एका लेकीसारख्या सुनेवर खोटा आळ आला आहे, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे. माझं तोंड फवारायला केलेलं, बोलायला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी रोज खातो.

देवीदासजींनी मला मोर्शीच्या दुकानातून आणलं, तेव्हा मोटरसायकलच्या मागे बांधलं नाही. स्वतःच्या पाठीवर अडकवून गावभर मिरवत आणलं. दसऱ्याला विळा, पावडं आणि डवऱ्याच्या रांगेत मला बसवून त्यांच्या बायकोने, माणिकबाईंनी, मला कुंकू लावलं. मी फुगून गेलो होतो. एकरभर भाजीची वाडी आणि पलीकडे थोडी कपाशी, एवढं त्यांचं वावर. टमाट्यावर, वांग्यावर, कपाशीवर मी फवारत गेलो. आमच्याकडे फवारायच्या विषाला औषध म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं देव जाणे. मीही वर्षानुवर्षं स्वतःला वैद्यच समजत होतो.

मग माझ्या झाकणातली रबराची चकती झिजली. थेंब थेंब गळू लागलं. चकती बदलायची असं चारदा ठरलं आणि चारदा राहून गेलं. ऑगस्टातल्या एका दमट दुपारी देवीदासजी मला घेऊन कपाशीत उतरले. अंगात नुसती बंडी, तोंडाला फडकं नाही. माझ्या झाकणातून निघालेलं विष त्यांच्या पाठीवरून कमरेपर्यंत ओघळत होतं, आणि त्यांना वाटत होतं घामच आहे. सातव्या तासात, म्हणजे कपाशीच्या सातव्या ओळीत, ते गुडघ्यांवर बसले आणि तसेच आडवे झाले. मी त्यांच्या पाठीवरच होतो. तो भार मला आजही जाणवतो.

शेजारच्या वावरातल्या खुशालरावांनी ते पाहिलं. त्यांनी हातातलं काम टाकलं, देवीदासजींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, आधी मोर्शीला आणि तिथून अमरावतीला पोहोचवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. देवीदासजी वाचले. पण त्यांचा उजवा हात थरथरू लागला तो कायमचा. ज्या माणसाने चाळीस वर्षं वावर केलं, तो अंगणातल्या बाजेवर बसून कोंबड्या हाकलू लागला. चहाची कपबशी धरली तर अर्धा चहा बशीत आणि अर्धा धोतरावर. मित्रांनो, माणूस मरतो तेव्हा लोक रडतात तरी. तो बाजेवर बसून राहतो तेव्हा त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मनोजचं, म्हणजे देवीदासजींच्या मुलाचं लग्न झालं आणि तेल्हाऱ्याची करिश्मा सून म्हणून घरात आली. बारीक अंगाची, भराभर बोलणारी. आल्या आल्या तिने सासऱ्यांचा हात पाहिला, मग मला पाहिलं. माझ्याकडे तिने असं काही पाहिलं की मला खुंटीवरून पळून जावंसं वाटलं. बचत गटाच्या बायांबरोबर ती अकोल्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेली आणि तिथून एक वेड घेऊन आली. झाडांना खताचा चहा द्यायचं वेड.

"चहा?" माणिकबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अवं, घरात मानसाले दूध पुरत नाई, अन् हे झाडाले चहा पाजते!"

तो चहा असा. ड्रममध्ये पाणी भरायचं. चांगलं कुजलेलं, भुरभुरीत, मातीसारखा वास येणारं खत जुन्या ओढणीत बांधायचं आणि ती पुरचुंडी पाण्यात टांगायची. मूठभर गूळ घालायचा. मग दोन दिवस, जमेल तेव्हा, काठीने ढवळत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा खेळते आणि खतातले नजरेला न दिसणारे चांगले जीव वाढतात. ते पाणी गाळून संध्याकाळच्या वेळी पानांवर उडवलं की ते जीव पानावर ठाण मांडून बसतात आणि करप्याच्या बुरशीला बसायला जागाच ठेवत नाहीत. रोग झाल्यावर नाही, व्हायच्या आधी द्यायचं. तयार झालं की त्याच दिवशी वापरायचं. आंबूस घाण वास आला तर सरळ फेकून द्यायचं.

सारं ठीक, पण दोन दिवस ढवळत कोण बसणार? मनोजने तर हात झटकले. माणिकबाई बाजाराला जायच्या. तेव्हा करिश्माने काय करावं? तिने निंबाची एक काठी सोलून गुळगुळीत केली, ड्रम बाजेजवळ सरकवला आणि म्हणाली, "मामाजी, हे तुमी करसान का?"

देवीदासजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हा हात? हा तर नुसता हालते वं."

"हालनाराच हात पाह्यजे मामाजी."

आणि काय सांगू तुम्हाला! तो माणूस त्या दिवशी तीन वर्षांनी कामाला लागला. काठी हातात धरली की हाताचं थरथरणं काठीतच जिरायचं. ड्रममध्ये पाणी गोल गोल फिरायचं, वर फेस यायचा, आणि देवीदासजी येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून सांगायचे, "चहा करून राह्यलो गा! घेता का घोट?" लोक हसायचे. तेही हसायचे.

करिश्माने आधी मला धुतलं. धुण्याचा सोडा घालून टाकी भरली, दिवसभर ठेवली, नळीतून, नोझलमधून सोडली. असं तीनदा. चकती नवी बसवली. मग सगळ्यांना सांगून टाकलं, "आता हा पंप चहाचाच. कोनाले द्याचा नाई, कोनी मांगला तरी नाई." मी टाकीभर खताचं पाणी घेऊन पहिल्यांदा वाडीत गेलो, तेव्हा माझ्या आत पावसाळ्यातल्या बांधासारखा वास होता. करिश्माच्या पाठीवर दोन थेंब उडाले. मी घाबरून गेलो. काही झालं नाही.

त्या वर्षी पावसाची झड लागली तेव्हा गावातले टमाटे करप्याने काळे पडले. आमच्या वाडीत करपा आलाच नाही असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही. पण तो खालच्या चार पानांवर आला आणि तिथेच थबकला. मग काय, हसणारी तोंडं विचारायला लागली. गटातल्या शालू, शकुन, रागिणी ओढण्या घेऊन दारात हजर. बघता बघता अकरा घरी ड्रम लागले, आणि देवीदासजी काठी टेकत टेकत प्रत्येक ड्रमची पाहणी करायला जाऊ लागले. बाया त्यांना "चहावाले मामाजी" म्हणायच्या. ते माझ्या आयुष्यातलं एकच चांगलं वर्ष होतं.

आता पुढचं ऐका.

गेल्या डिसेंबरात करिश्मा भावाच्या साखरपुड्याला दोन दिवस तेल्हाऱ्याला गेली. जाताना ड्रम लावून गेली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मी येतो परवा संध्याकाळी, आल्याबरोबर फवारीन." ती गेली त्याच दिवशी खुशालराव दारात उभे.

"वयनी, माया पंपाचा दांडा तुटला. गव्हात तन लय माजलं. एक दिसासाठी तुमचा देता का?"

माणिकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. करिश्माचं सांगणं त्यांच्या कानात होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण समोर कोण होतं? ज्याने त्यांच्या नवऱ्याला ट्रॉलीत घालून नेलं तो माणूस. त्यांनी मला खुंटीवरून काढून दिलं. आमच्या गावात मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची रीत नाही, आणि खुशालरावांना तर नाहीच नाही.

गव्हात रुंद पानाचं तण मारायचं औषध असतं. गव्हाला त्याचं काही होत नाही. पण टमाटा, वांगं, कपाशी यांना त्याचा नुसता वास पुरतो. खुशालरावांनी दिवसभर माझ्यातून ते फवारलं. संध्याकाळी कॅनॉलवर एक टाकी पाणी भरलं, खळखळ हलवलं, ओतलं आणि झालं धुणं. माझ्या भिंतींना, नळीच्या आत, चकतीच्या खाली ते तसंच चिकटून होतं. आणखी एक रीत सांगतो. मागून नेलेली वस्तू रिकामी परत करायची नाही. म्हणून मला देताना त्यांनी हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून माझ्या झाकणावर ठेवली होती. रीत पाळली हो त्यांनी! भाजी आणली, पण दोन पाणी जास्तीचं घातलं नाही.

"धुतला ना भाऊजी?"

"धुतला, वयनी."

एवढंच. दुसऱ्या दिवशी करिश्मा आली, हातपाय धुऊन जेवायला बसली. पानात हरभऱ्याची भाजी. "आत्याबाई, हे भाजी कोठची?" तिने विचारलं. माणिकबाई म्हणाल्या, "बाजारातून आनली." खुंटीवर मी नुसता तडफडत होतो.

देवीदासजींनी चहा सुरेख केला होता. करिश्माने वास घेतला, म्हणाली, "वा मामाजी, झकास!" गाळून माझ्यात भरला आणि टमाट्याच्या सगळ्या तासांवर एकही झाड न सोडता फवारला. मी काय करणार होतो? नोझल चोंदावं म्हणून मी जीव एकवटला. पण तिने पाणी इतकं छान गाळलं होतं की एक कणसुद्धा अडकला नाही.

चौथ्या दिवशी शेंडे मुरगळले. पानं बारीक, लांबट, बोटासारखी वळली. देठ फुगले. आठव्या दिवशी फुलांनी भरलेली अख्खी वाडी वेडीवाकडी होऊन उभी होती. मनोजने एक झाड उपटून करिश्माच्या पायाशी आपटलं. "पाज आनखी चहा! शिबिरं करा, गट करा, अन् नवऱ्याची वाडी जाळा!" गटातल्या बाया आल्या, बांधावर उभ्या राहिल्या, आणि करिश्माच्या नजरेला नजर न देता गेल्या.

खुशालरावही आले. त्यांनी एक पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तीस वर्षं शेती केलेला माणूस, असं पान ओळखत नसेल होय? त्यांनी गोठ्याकडे, माझ्याकडे पाहिलं. मग माणिकबाईंकडे. माणिकबाईंनी मान खाली घातली. खुशालराव खाकरले आणि म्हणाले, "खत कच्चं असन, सूनबाई. कच्च्या खताचा दगा होते."

हाय रे माणसा! ज्या हातांनी एक जीव वाचवला, त्याच हातांनी दुसऱ्याचं तोंड बंद केलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

झाडं उपटली गेली. मनोजने ड्रम उकिरड्यावर ओतला. आठ दिवसांत बाकीच्या घरचे ड्रमही आडवे झाले. शालूकडे ड्रममध्ये पिण्याचं पाणी भरायला लागले, रागिणीने त्यात कडबा कुट्टी ठेवली. देवीदासजी पुन्हा बाजेवर. काठी त्यांनी उशाशी ठेवली होती. त्यांचा हात मांडीवर पडल्या पडल्या आपोआप गोल गोल फिरायचा.

पण करिश्मा हट्टाची. खत कच्चं नव्हतं हे तिला पक्कं माहीत होतं. तिने तीन डब्यांत टमाट्याची तीन रोपं लावली. एकावर त्याच खताचा चहा करून हाताने शिंपडला. दुसऱ्यावर साधं पाणी शिंपडलं. तिसऱ्यावरही साधंच पाणी, पण माझ्यातून फवारलं. आठवड्याने दोन रोपं ताठ उभी होती आणि तिसऱ्याचा शेंडा मुरगळला होता. तिन्ही डबे घेऊन ती सासूसमोर जाऊन बसली. माणिकबाई तूर निवडत होत्या.

"आत्याबाई, मी तेल्हाऱ्याले गेली तवा पंप कोनाले देल्ला होता?"

सुपातला हात थांबला.

"खुशालराव भाऊजीले," माणिकबाई शेवटी म्हणाल्या. "मंग का करू? त्यायले नाई म्हनू? आज मायं कुकू हाये ते त्यायच्यानं हाये."

"देल्ला त्याचं मी काई म्हनत नाई. झाडं गेली तवा काहून नाई सांगतलं?"

"सांगून त्यायचं नाव घेऊ? सारं गाव म्हनलं असतं, जीव वाचवनाऱ्यावर उलटली."

"अन् मायं नाव गेलं, ते?"

माणिकबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तू घरची हायेस. घरच्याचं चालून जाते."

मित्रांनो, विषाने माझी टाकी कधी जळली नाही, पण त्या वाक्याने जळली. मनोज दारात उभा राहून सारं ऐकत होता. तो आत आला, डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता खुशालकाकाशी भांडाले जाऊ का? तुया चहाचं पुरान तेवढं बंद कर. गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली." म्हणजे बघा, खरं कळलं आणि काडीचाही फरक पडला नाही. करिश्माने डबे उचलले. मग गोठ्यात येऊन नेलपेंटच्या बाटलीने माझ्या पोटावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तणाचा'. तिचं बरोबरच होतं. मी आता चहाच्या लायकीचा राहिलो नव्हतो. मनोजने बॅटरीचा नवा पंप आणला. मला नेतात ते फक्त खुशालराव, आणि अजूनही भाजी ठेवूनच परत करतात. ती भाजी करिश्मा गाईला टाकते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मनोजने वांग्यावर मारायला त्याच ड्रममध्ये पाणी भरलं, त्यात औषधाची बाटली ओतली आणि नवा पंप आणायला घरात गेला. बाजेवरून देवीदासजींना भरलेला ड्रम दिसला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला खुंटीवर धडकी भरली. उशाची काठी घेऊन ते लगबगीने आले आणि ढवळायला लागले. गोल गोल. पाणी हिंदकळून मनगटावर उडत होतं. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते.

करिश्मा बादली टाकून धावली. "मामाजी! सोडा! थो चहा नाई, औषध हाये!" तिने काठी हिसकावून भिरकावली.

"काहून वं पोरी?" ते गोंधळून म्हणाले. "मले जमते ना हे. मीच त करत होतो."

तिने त्यांना खाली बसवलं आणि त्यांचे हात धुवायला घेतले. साबण लावून एकदा, दोनदा, तीनदा. माणिकबाई न सांगता पाणी आणून ओतत होत्या. देवीदासजी सुनेकडे बघत होते. "मंग चहा कवा करतं? कोनं बंद केला?"

करिश्माने सासूकडे पाहिलं. आत्ता तरी सांगा, असं तिच्या डोळ्यांत होतं. माणिकबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी लोटा पुन्हा भरला आणि ओतत राहिल्या.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तणाचा पंप वेगळा ठेवा. तेवढं जमत नसेल तर सोड्याने तीन पाणी धुवा, एक नाही. मागितला म्हणून दिलात तर घरात सांगा. आणि मोर्शीच्या बाजारात कोणी म्हणालं की अमक्याच्या सुनेने चहा पाजून वाडी जाळली, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. सांगा, चहा चांगला होता, खत पक्कं होतं, पोरीची काही चूक नव्हती. मग ते विचारतील, चूक कोणाची? खुशालरावांचं नाव कोणी घेणार नाही, माणिकबाईंचंही नाही, ते मला कळून चुकलं आहे. तुम्ही माझं घ्या. म्हणा, पंप न धुतलेला होता. माझं चालून जाईल.